कानाचं ऑपरेशन झालं, आता आईला चक्कर – कुणाला अनुभव आहे का?

तापीकाठ | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

मंडळी, काळजीत आहे म्हणून थेट सांगतो.

आई, वय ५७, चोपडा तालुक्यात गावी असते. मी पुण्यात. तिचा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. आमच्याकडे कान वाहणं हा आजार धरतच नाहीत. कापसाचा बोळा कोंबायचा आणि निंदणीला जायचं. गेल्या वर्षी घाण वास यायला लागला, ऐकूही कमी येऊ लागलं, तेव्हा कुठे जळगावला दाखवलं. सीटी स्कॅन झाला, "हाड सडलंय" म्हणाले. ९ तारखेला मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं ऑपरेशन झालं, त्यातच नवीन पडदाही बसवला.

पहिले दोन दिवस गरगरत होतं, दोनदा उलटी झाली. डॉक्टर म्हणाले होईल, उतरेल. खरंच उतरलं. परवा १६ ला कानामागचे टाके काढले, मजेत घरी आली. काल पहाटे कुशीवर वळली आणि एकदम ओरडली. खाटेची पाटी दोन्ही हातांनी धरून बसली होती म्हणे. मग उलटी. आज पुन्हा तेच.

गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, १५०/९०. अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं, व्हर्टिन ही चक्करची गोळी लिहून दिली. काकूने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. म्हणजे दोन्हीकडून उपचार चालू आहेत. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचा फोन लागत नाहीये.

हे ऑपरेशनमुळेच आहे का? जळगाव म्हणजे दीड तासाचा रस्ता आणि रस्त्याची अवस्था तुम्हाला माहीत आहे. अशा हालतीत न्यावं का दोन दिवस थांबावं?

---

शेवभाजी_रस्सा | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

भाऊ, घाबरू नका. आमच्या आजीला असंच व्हायचं. तिळाच्या तेलात दोन लसूण पाकळ्या कडकडवायच्या, कोमट झालं की दोन थेंब कानात. वात असतो तो.

---

धुळेकरीण | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३८

@शेवभाजी_रस्सा, अहो दादा, नऊ दिवसांपूर्वी त्या माउलीच्या कानात नवा पडदा चिकटवलाय आणि तुम्ही त्यात कडकडीत लसूण ओतताय! @तापीकाठ, काकूंना निक्षून सांगा. कानात तेल नाही, पाणी नाही, काडी तर नाहीच. मीठ-मोहऱ्या चालतील, त्या कानाबाहेरून जातात.

---

शेवभाजी_रस्सा | १८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

ऑपरेशनचं वाचलं नव्हतं नीट. माघार.

---

धुळेकरीण | १८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

माझा अनुभव लिहिते. माझं ऑपरेशन आईंपेक्षा वेगळं होतं, पण चक्कर कशी असते ते मला पुरतं कळलंय.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला ऐकू कमी यायला लागलं. शाळेत शिकवते. मागच्या बाकावरचं पोरगं काय बोलतं ते कळेना, पोरांनाही ते कळलं, मग काय विचारता! निदान निघालं ओटोस्क्लेरोसिस. कानात तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब सगळ्यात शेवटची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर. माझी ती रिकीब जागच्या जागी थिजली होती. बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि गरोदरपणात वाढू शकतो, हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं.

भूल फक्त कानापुरती होती. रिकिबीच्या तळाला बारीक भोक पाडून त्यात टेफ्लॉनचा पिस्टन बसवतात. तो बसला त्या क्षणी मला डॉक्टरांचा आवाज स्वच्छ आला, "ताई, ऐकू येतंय का?" मी "हो" म्हटलं, आणि "हो" म्हणता म्हणता टेबल फिरायला लागलं. यात्रेतल्या पाळण्यात बसवून कुणीतरी सोडून दिल्यासारखं.

तीन दिवस डोळे उघडवत नव्हते. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडून होते. चौथ्या दिवशी सिस्टरने हात धरून व्हरांड्यात चालवलं, तेव्हा पायाखाली गादी अंथरल्यागत वाटायचं. रोज थोडं थोडं कमी होत गेलं, आणि दहाव्या-अकराव्या दिवशी मी घरी पोळ्या केल्या. जिभेच्या एका बाजूला मात्र दोन महिने लोखंड चाटल्यासारखी चव होती. चवीची नस कानातून जाते, हे तोवर कुणाला माहीत होतं!

माझी चक्कर पहिल्या दिवशी सर्वात जास्त होती आणि रोज उतरत गेली. तुमच्या आईंची उतरली आणि मग नव्याने आली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. इथे कानसेन म्हणून एक डॉक्टर असतात, त्यांना हाक मारते. @कानसेन

---

केळीवाला | १८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

थांबू नका भाऊ, एवढंच सांगतो. सविस्तर उद्या लिहितो, रात्रीची लाईट आहे, पाणी भरायला जायचंय.

---

कानसेन | १९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

हाक पोचली. तीस वर्षं कान-नाक-घसा केलं, आता निवृत्त. इथून निदान होत नाही आणि मी करणारही नाही. पण जळगावच्या डॉक्टरांना काय सांगायचं, एवढं तरी आपण नीट करू.

आपल्याकडची गोम अशी की सगळ्यालाच "चक्कर" म्हणतात. उपाशीपोटी उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, ती चक्कर. चालताना एका बाजूला झोक जातो, तीही चक्कर. डोकं हलकं हलकं लागतं, तीही. आणि भिंती, पंखा, आढं सगळं गरगर फिरतं, त्यालाही चक्करच. पेशंट "चक्कर" म्हणतो, डॉक्टर बीपीचं यंत्र काढतो. घाबरलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच असतं, ते सापडतं, आणि कान राहून जातो. मी स्वतः उमेदवारीत असे दोन-तीन पेशंट बीपीच्या गोळीवर घरी पाठवलेले आहेत, म्हणून बोलतोय.

आता कानाचं. मधल्या कानाच्या पलीकडच्या भिंतीआड आतला कान आहे. तिथे ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या एकाच पाण्याने भरलेल्या असतात. मधल्या कानात काम करणारा सर्जन म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकणारा माणूस. कितीही हलक्या हाताने ठोकला तरी पलीकडची भांडी थोडी वाजणारच. ड्रिलचा हादरा बसतो, धुण्याचं पाणी गार-गरम लागतं, आतल्या कानाला थोडी सूज येते. रिकिबीच्या ऑपरेशनमध्ये तर ती भिंतच भोसकावी लागते, म्हणून धुळेकरीण ताईंना एवढी फिरली. ही चक्कर पहिल्या दिवसांत जोरात असते आणि उतरत जाते. मेंदू दुसऱ्या कानावर, डोळ्यांवर आणि तळपायांवर भिस्त ठेवायला शिकतो.

उतरून नव्याने आलेली चक्कर वेगळी. तिची कारणंही वेगवेगळी आणि उपचारही. म्हणून आईंना विचारून हे लिहा:

फिरतं ते काय? डोकं की घर?
एकदा सुरू झालं की किती वेळ? वीसपर्यंत आकडे मोजून होतात तोवर थांबतं, की तास-दोन तास, की दिवसभर?
कशाने सुरू होतं? कुशीवर वळून, वर बघून, की काही न करता?
ऐकू येणं कालपेक्षा कमी झालं का? कानात ड्रेसिंग असेल तर नीट कळणार नाही, तरी विचारा.
ताप, डोकेदुखी, मान आखडणं, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा होणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं पातळ येणं, यातलं काही आहे का?

शेवटच्या ओळीतलं एकही "हो" असेल, किंवा ऐकू येणं एकदम घसरलं असेल, तर या धाग्यावर लिहीत बसू नका, गाडी काढा. तसंच बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, हात-पाय लुळा पडतोय असं असेल तर ते कानाचं नाही, डोक्याचं आहे. तेव्हा थेट मोठं हॉस्पिटल.

आणखी एक, घरी जे कोण असेल त्यांनी चक्कर चालू असताना मोबाईलवर त्यांच्या डोळ्यांचा व्हिडिओ घ्यावा. बुबुळं कशी उडतात त्यावरून पुष्कळ कळतं.

---

तापीकाठ | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

डॉक्टर, खूप आभार. आईशी बोललो. फोन स्पीकरवर, काकू मध्ये मध्ये. मी विचारलं, "माय, तुले चक्कर येस म्हणजे काय व्हस? डोकं फिरस का?" तर चिडून म्हणाली,

"मी नही फिरस, घर फिरस!"

उजव्या कुशीवर वळलं की सुरू. उठून बसतानाही. मी आकडे मोजायला सांगितले होते, ती म्हणते पंधरा-वीसमध्ये थांबतं, पण जीव जातो तेवढ्यात. उशीला टेकून गप्प बसली की काही नाही, चहा-भाकरी व्यवस्थित. ताप नाही, चेहरा ठीक, पाणी-बिणी येत नाही. कान कापसाने बंद आहे, त्यामुळे ऐकण्याचं सांगता येत नाही. बहीण भुसावळहून निघाली आहे, ती व्हिडिओ घेईल.

---

कानसेन | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

"मी नही फिरस, घर फिरस." माझ्या विद्यार्थ्यांना मी दहा वर्षं हेच शिकवत होतो, इतकं नेमकं एकालाही सांगता आलं नाही. आईंना नमस्कार सांगा.

वर्णन बऱ्यापैकी बोलकं आहे, पण तपासल्याशिवाय नाव घेणार नाही. आजच न्या. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच, कारण आत काय सापडलं, कुठपर्यंत ड्रिल चाललं, हे त्यांनाच माहीत. गाडीत पुढच्या सीटवर, मागे रेललेलं, डोक्याला दोन्ही बाजूंनी उशी, नजर लांब रस्त्यावर. एसटीने नको. रिकाम्या पोटी नको, पोट फुटेस्तोवर जेवूनही नको.

---

केळीवाला | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

रात्री अर्धवट लिहिलं होतं. आता सांगतो, थोडं लांबेल.

आमचं गाव रावेर तालुक्यात. माझ्या लहान भावाचं रिकिबीचंच ऑपरेशन झालं होतं, धुळेकरीण ताईंसारखं. तिसऱ्या दिवशी टुणटुणीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उचलू नको, नाक शिंकरू नको, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंक, संडासला कुंथू नको. हसला होता तो, म्हणे शिंकायचंही शिकायचं का आता.

तीन आठवडे झाले. आमच्या मळ्यात कापणी होती, गाडी भरायला मजूर कमी पडले. माल थांबत नाही, व्यापारी तर त्याहून नाही. याने वीस-बावीस किलोचा घड खांद्यावर घेतला. एकच. म्हणाला कानात बारीक फट् झालं. संध्याकाळी झोक जायला लागला, रात्री घर फिरायला लागलं, आणि जो कान उघडला होता तो पुन्हा बसला. खोकलं की फिरायचं, कुंथलं की फिरायचं.

इथे आमची चूक झाली. जवळच्या डॉक्टरकडे गेलो. बीपी, शुगर, सलाईन. उन्हात काम करतो म्हणून झालं, म्हणाले. चार दिवस त्यात गेले. पाचव्या दिवशी सर्जनकडे पोचलो, त्यांनी बघितलं आणि आम्हाला पहिल्यांदा रागावताना दिसले. आतलं पाणी पिस्टनच्या कडेने झिरपत होतं. पुन्हा ऑपरेशन करून ती जागा बुजवली. चक्कर गेली. ऐकू येणं पूर्वीइतकं परत नाही आलं. चार दिवस आधी गेलो असतो तर आलं असतं का, असं मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, खांद्यावर हात ठेवला.

भाऊ अजून मळ्यात आहे. हिशेबाचं बघतो.

---

घाटाखालचा | १९ फेब्रुवारी, दुपारी १:१०

केळीवाला भो, वाचून पोटात कालवलं.

माझा एक प्रश्न या निमित्ताने. आम्ही चाळीसगावचे. संभाजीनगरला कानाचं दाखवून कन्नड घाट उतरताना माझे कान दडे बसतात. पुढच्या महिन्यात पडद्याचं ऑपरेशन आहे. घाट उतरताना पडदा निसटेल का?

---

कानसेन | १९ फेब्रुवारी, दुपारी २:०५

@केळीवाला, तुमच्या भावाला जे झालं त्याला फिश्चुला, म्हणजे आतल्या कानाच्या भिंतीला पडलेलं भोक, म्हणतो आम्ही. खोकल्या-कुंथल्यावर फिरणं आणि सोबत ऐकू कमी होणं, ही जोडी दिसली की आमची झोप उडते. वजनाबद्दल सांगतो तेव्हा लोकांना वाटतं टाके उसवतील म्हणून सांगतात. टाक्यांचं काही नसतं. दम धरून जोर लावला की डोक्यातला दाब वाढतो आणि तो कानाच्या पाण्यापर्यंत पोचतो.

फिश्चुला ऑपरेशनच्या आधीपासूनही असतो. सडक्या कानात, म्हणजे कोलेस्टिॲटोमात, चुकीच्या जागी वाढलेली कातडी हाड कुरतडत जाते. तोलाच्या तीन नळ्यांपैकी आडवी नळी मधल्या कानाच्या सगळ्यात जवळ, तिचं हाड बहुतेक वेळा पहिलं जातं. अशा माणसाने कानाच्या भोकापुढचं मऊ टोक बोटाने आत दाबलं तरी घर फिरतं. तुमचा कान जुना वाहता असेल आणि असं होत असेल तर ऑपरेशनच्या आधी सर्जनला सांगून टाका.

@घाटाखालचा, विमानाला आम्ही काही आठवडे नाहीच म्हणतो. घाटाचा दाब विमानाइतका नसतो, पण तुमचे कान आधीच दडे बसतात म्हणजे नाक-कानाची नळी नीट उघडत नाही. ती पडद्याच्या ऑपरेशनलाही महत्त्वाची. हे सर्जनला आधी सांगा. आणि ऑपरेशननंतर दडा काढायला नाक दाबून फुंकर मारायची सवय असेल तर ती सोडा. घाटापेक्षा त्या फुंकरीची मला जास्त भीती वाटते.

---

तापीकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

अपडेट.

बहिणीने आईला जळगावला नेलं. वाटेत दोनदा थांबावं लागलं. डॉक्टरांनी कानातलं ड्रेसिंग बघितलं, पडदा जागेवर आहे म्हणाले. नादकाटा वाजवून ऐकण्याचं तपासलं, आतला कान शाबूत. मग पलंगावर बसवून, मान वळवून, अलगद आडवं केलं. दोन-तीन सेकंद काही नाही आणि मग घर फिरायला लागलं. आईने डॉक्टरांची बाही धरली ती सोडेचना. ते मात्र खुशीत होते, म्हणाले हेच बघायचं होतं.

निदान: कानातले खडे सरकलेत. त्यांनी तसंच आडवं ठेवून डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. प्रत्येक वेळी फिरणं थांबेपर्यंत थांबले. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. गोळ्या बंद केल्या. चार दिवसांनी परत बोलावलंय.

डॉक्टर, खडे म्हणजे काय हो? आई सगळ्यांना सांगतेय की माझ्या कानात मुतखडा झाला.

---

शेवभाजी_रस्सा | १९ फेब्रुवारी, रात्री ९:५८

😂 काकूंना शतायुष्य.

---

कानसेन | २० फेब्रुवारी, सकाळी ७:१०

मुतखडा नव्हे, पण आई फार लांब नाहीत. आतल्या कानात एका चिकट थरावर चुन्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण रुजलेले असतात. वर-खाली, पुढे-मागे यांची जाणीव त्यांच्या वजनाने होते. हे कण सुटून अर्धगोल नळीत गेले की डोकं वळवताना तेही घरंगळतात, नळीतलं पाणी ढवळतं, आणि मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. घरंगळून खाली बसले की थांबतं. म्हणून पंधरा-वीस आकडे. वयाने सुटतात, डोक्याला मार लागून सुटतात, आणि मास्टॉइडच्या ड्रिलच्या हादऱ्यानेही सुटू शकतात.

डॉक्टरांनी केलं ते अमेरिकेतल्या जॉन एपली यांच्या पद्धतीने. खडे ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने डोकं फिरवून बाहेर काढायचे, लहानपणी पत्र्याच्या डबीत गोळी भोकात पाडायचो तसं. १९९२ मध्ये त्यांचा त्यावरचा मुख्य लेख आला. त्याआधी बरीच वर्षं सहकारी त्यांना हसत होते, इतका साधा उपाय कुणाला खरा वाटेना. व्हर्टिन कितीही खाल्ली तरी खडे जागेवर जात नाहीत, हे मात्र आता सगळे मानतात.

व्हिडिओ बघून हे घरी करू नका. कोणता कान, कोणती नळी, हे ठरवावं लागतं. त्यात आईंच्या कानामागची जखम ताजी आणि मानही ५७ वर्षांची.

---

धुळेकरीण | २० फेब्रुवारी, सकाळी ७:४५

डॉक्टर, मला तेव्हा स्टेमेटिल दिली होती, पाच दिवसांनी बंद केली. माझ्या जाऊबाईंना कुणीतरी तीच गोळी वर्षभर चालू ठेवली आहे.

---

कानसेन | २० फेब्रुवारी, सकाळी ८:२०

पाच दिवस बरोबर. पहिल्या उलट्या थांबवायला ती हवीच. पुढे तीच गोळी मेंदूला शिकू देत नाही. सायकल शिकणाऱ्या पोराचं कॅरिअर तुम्ही धरूनच ठेवलंत तर पोरगं कधी शिकणार? जाऊबाईंना एकदा कान-नाक-घसावाल्याला दाखवा. मनाने एकदम बंद करू नका.

---

जुनी_पेन्शन | २० फेब्रुवारी, सकाळी १०:३०

माझंही लिहितो. वय ६८, भुसावळ, रेल्वेतून निवृत्त. माझं मास्टॉइड १२ वर्षांपूर्वीचं, कानाची मागची भिंतच काढून टाकलेली. आत मोठी खोबण आहे. मला चक्कर कधी येते सांगू? कूलरसमोर बसलो की. गार वारा थेट कानात शिरला की दहा सेकंदांत खुर्ची फिरते. भुसावळच्या मे महिन्यात कूलरकडे पाठ करून बसणारा मी एकटाच असेन. बायको म्हणते थेरं आहेत.

---

कानसेन | २० फेब्रुवारी, सकाळी ११:१५

काका, वहिनींना हे वाचून दाखवा.

व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. पेशंटचे कान पिचकारीने धुताना लोक चक्कर आली म्हणायचे. एकजण म्हणाला, पाणी गार होतं म्हणून. बारानींनी पाणी गरम करवलं, तर ते फार गरम झालं आणि पेशंट पुन्हा फिरला. पण या खेपेला डोळे उलट्या दिशेला उडत होते. बारानींना तिथे सापडलं. गार पाण्याने नळीतलं पाणी एका बाजूला वाहतं, गरमाने दुसऱ्या. आजही आम्ही ३० आणि ४४ अंशांच्या पाण्याने हीच तपासणी करतो, शरीराच्या ३७ पेक्षा सात कमी, सात जास्त. या कामाला १९१४ सालचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे बक्षीस जाहीर झालं तेव्हा स्वारी रशियात युद्धकैदी होती.

तुमच्या कानाची भिंत काढल्यामुळे आडवी नळी वाऱ्याला उघडी पडली आहे. कूलर तुमच्यावर रोज बारानीचा प्रयोग करतोय, तोही फुकट. कानात कापसाचा सैल बोळा ठेवा, मोटरसायकलवर रुमाल बांधा, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला बोळा. कान साफ करायला जाल तेव्हा "माझी खोबण आहे, गार पाणी मारू नका" हे आधी सांगा.

---

जुनी_पेन्शन | २० फेब्रुवारी, सकाळी ११:४०

वाचून दाखवलं. "बारा वर्षं मला का नाही सांगितलं", असं मलाच सुनावलं. मलाच आता कळलंय हे तिला कोण सांगणार?

---

मुक्काम_पोस्ट | २० फेब्रुवारी, दुपारी ३:२५

शहाद्याहून. वडिलांचा कान वाहतो, ऑपरेशन सांगितलंय. खर्चाचं काय? आणि चक्करची एवढी चर्चा वाचून ते आता नको म्हणतायत.

---

धुळेकरीण | २० फेब्रुवारी, दुपारी ४:००

खर्चाचं आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बघा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला विचारा की वडिलांचं ऑपरेशन बसतं का. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कान-नाक-घसा विभाग असतो.

आणि वडिलांना हा धागा अर्धवट वाचून दाखवू नका. सडका कान तसाच ठेवला तर चक्करच काय, चेहऱ्याची नसही जाऊ शकते, पू मेंदूपर्यंत पोचू शकतो. मला तीन दिवस फिरली, पण आता मागच्या बाकावरचं पोरगं काय पुटपुटतं ते ऐकू येतं. पोरांचं मत विचारू नका.

---

शेवभाजी_रस्सा | २० फेब्रुवारी, दुपारी ४:१२

@तापीकाठ, काकूंना आता पथ्य काय? भरीत-कळण्याची भाकरी चालते का? लेवा पाटलांच्या घरी भरीत बंद म्हणजे शिक्षाच.

---

तापीकाठ | २० फेब्रुवारी, रात्री ८:३०

भरीत चालतं. वांगी भाजायला चुलीपुढे वाकायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय. त्यामुळे काकू भाजते आणि आई खाटेवरून सूचना देते. काकू म्हणते यापेक्षा चक्कर बरी होती.

बाकी: दोन उशा घेऊन झोपायचं, उजव्या कुशीवर सध्या नाही. उठताना आधी बसायचं, वीस आकडे, मग उभं राहायचं. रात्री लाईट चालू. आमचा संडास मागच्या अंगणात आहे आणि लाईटीचा भरवसा नाही, म्हणून बहिणीने चार्जिंगचा दिवा आणून दाराशी टांगलाय. अंधारात तोल जास्त जातो हे मला माहीतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले डोळे आणि पाय मिळून कानाचं काम करत असतात, त्यातले डोळे काढून घेतले की एकटे पाय राहतात.

---

तापीकाठ | ४ मार्च, रात्री ९:०५

उशिरा लिहितोय. २३ ला परत नेलं होतं. थोडे खडे शिल्लक होते, पुन्हा तीच कवायत केली. त्यानंतर आठवडाभर फिरलं नाही. चालताना किंचित झोक जातो म्हणून व्यायाम दिलाय: हात लांब करून अंगठ्यावर नजर ठेवायची आणि मान डावीकडे-उजवीकडे हलवायची. गल्लीतली पोरं तिच्यासमोर उभी राहून तस्संच करतात.

गावातल्या डॉक्टरांकडे मी स्वतः जाऊन आलो. भांडायला नाही. चिठ्ठी दाखवली, काय निघालं ते सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, चिठ्ठीचा फोटो काढून घेतला. कालच म्हणे त्यांनी एका म्हातारबाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही फिरता की घर फिरतं?"

---

केळीवाला | ४ मार्च, रात्री ९:४०

हे फार चांगलं केलंत भाऊ.

---

तापीकाठ | ३० एप्रिल, सायंकाळी ७:२०

धागा वर काढतोय, माफ करा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आलोय. बहीण, भाच्या, चुलतबहिणी सगळ्या आल्यात. निंबाला झोका बांधलाय. आईला सगळ्यांनी आग्रह केला, ती दोरीला हात लावून परत फिरली. म्हणाली, पुढच्या वर्षी. आता अंगणात बसून झोक्याकडे बघतेय. मी विचारलं, बघून गरगरत नाही ना? तर म्हणे, "आते घर जागावर शे. झोकाच फिरस."

@कानसेन, झोक्यावर बसायला किती दिवस थांबायचं असतं हो?

---

कानसेन | ३० एप्रिल, रात्री ८:०२

पडदा धरला असेल आणि डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत हो म्हटलं असेल, तर कानाची ना नाही. फक्त कुणीतरी पाठीशी उभं राहा आणि पहिला झोका हलका द्या.

तपासणी झाली का?

---

तापीकाठ | ३० एप्रिल, रात्री ८:१०

१२ मेला आहे.

---

कानसेन | ३० एप्रिल, रात्री ८:११

मग १३ मेपर्यंत झोका सोडू नका.